गाडी कोणती, अम्मा?

नाही, तुम्हीच सांगा, माणूस दुकानात पंप घ्यायला जातो की परीक्षेला बसायला? मी मागितलं काय, तर पंप! डिझेलचा, गाडीतला, जुना बसलाय, नवा द्या. एवढं साधं बोलणं! तर तो गल्ल्यावरचा माणूस चष्मा कपाळावर चढवतो आणि उलट मलाच विचारतो, "ए बंडी अम्मा?" म्हणजे गाडी कोणती! अरे बाबा, गाडी कोणती ते मला ठाऊक असतं तर भर उन्हात राणीगंजात तुझ्या पायरीवर कशाला उभी राहिले असते? आणि एकट्यानं विचारलं असतं तर सोडून दिलं असतं... सोमवारपासून बुधवारपर्यंत ज्याच्या त्याच्या तोंडी एकच. तेलुगूत विचारा, उर्दूत विचारा, कंप्युटरवर विचारा. गाडी कोणती, गाडी कोणती, गाडी कोणती! शेवटी शेवटी तर मला स्वप्नात आमची सासू दिसली आणि ती पण विचारते, मालन, गाडी कोणती?

तुम्हाला सांगते, मी मालनबाई. गौलीगुड्यात बस स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं भांड्यांचं दुकान. विकायचं नव्हे हो, भाड्यानं द्यायचं. लग्न, बारसं, तेरावं, दर्ग्याचा भंडारा, कुणाचंही काही असो, जेवण शिजायचं म्हटलं की भांडी मालनबाईंची. हंडे, पराती, झारे, आणि सात देगी. देग म्हणजे काय, माणूस मांडी घालून आत बसेल एवढी! सातही देगींवर आणि सातही झाकणांवर ठिपक्याठिपक्यानं माझं नाव घातलेलं. मालनबाई अप्पाराव, गौलीगुडा, देग अमुक नंबर. शाळा माझी चौथीपर्यंत, ती पण बिलोलीकडे खेड्यात, मास्तर यायचे आठवड्यातून दोनदा. पण भांड्यावरचं नाव मी अंधारात बोटानं वाचते. धंदाच तो आहे.

आणि या सात देगी न्यायच्या कशात? तर माझ्या गाडीत. आता ती गाडी कोणती... बघा, मी पण विचारायला लागले! ऐका नीट. गाडीचं तोंड एका कंपनीचं. कंपनीचं नाव घेत नाही, उगाच भांडण नको. इंजिन दुसऱ्याच कंपनीचं, कारण पहिलं माझ्याकडं यायच्या आधीच बसलं होतं. गिअर तिसरीकडचा. आणि मागचा डबा तर कुठल्याच कंपनीचा नाही, तो माझ्या देगींच्या मापानं बनवलाय! खालच्या फळीला सात गोल खाचा, एकेका खाचेत एकेक देग बसते, गाडी कितीही उडाली तरी एक देग दुसरीला लागत नाही. हैद्राबादात अशी गाडी दुसरी नाही. दाखवा, मी दुकान बंद करते.

तर ही गाडी सोमवारी सकाळी बंद पडली. दौलत, माझा ड्रायव्हर, त्यानं बॉनेट उघडलं, इकडं ठोकलं, तिकडं ठोकलं, आणि म्हणाला, "अक्का, पंप गया." दौलतचं असं आहे, चांगली बातमी असली की मराठी, वाईट असली की दखनी.

आणि आमचे हे! अप्पाराव! सिकंदराबादला रेल्वेत होते, आता रिटायर झाले, आणि रिटायर झाल्यापासून त्यांना वाटतं की सगळ्या जगानं रिटायर व्हावं. पेपरातून डोकं वर न काढता म्हणतात, "बरं झालं. भंगारवाल्याला सांगतो. शुक्रवारी येऊन घेऊन जाईल." मी म्हटलं, कुणाला घेऊन जाईल? "गाडीला. पुरे झालं आता, मालन. राज्य पण नवीन झालं, तू पण आता जरा शांत बस." आता राज्य नवीन झालं त्याचा आणि माझ्या शांत बसण्याचा संबंध काय? तेलंगणा वेगळा झाला म्हणून मी काय माझ्या देगी सोडून तुळशीची पानं मोजत बसू? म्हणे पाहिजे तर एखादी छोटी नवी गाडी घेऊ, कंपनीची. त्या छोट्या गाडीत देगी किती बसतात विचारा. दोन! त्या पण आडव्या! आडव्या देगीवर धंदा चालतो का? मला कळत होतं ना, गाडी गेली की देगी गेल्या, देगी गेल्या की दुकान गेलं, आणि मग मी यांच्यासमोर बसून चार वाजताच्या चहाची वाट बघणार. मी म्हटलं, शुक्रवारपर्यंत गाडी चालू झाली तर? "झाली तर भंगारवाल्याला परत पाठवीन." ठीक. शब्द दिला. चार दिवस.

मग काय, दौलतनं पंप सोडवला, पोत्यात घातला, खांद्यावर घेतला आणि आम्ही निघालो राणीगंजला. सगळ्या शहराच्या गाड्यांचे सुटे भाग तिथंच. पहिल्या दुकानात ते "ए बंडी अम्मा" झालं. मी म्हटलं, पिकप. तो म्हणतो कोणती पिकप, मी म्हटलं निळी. आता यात हसण्यासारखं काय होतं? चार माणसं हसली! मग तो विचारतो, छोटा पंप की मोठा पंप? म्हणजे गाडीत दोन पंप असतात हे मला त्या दिवशी कळलं! एक टाकीतून डिझेल ओढतो, दुसरा ते इंजिनात जोरात मारतो. अकरा वर्षं गाडी माझी, आणि एक पंप माझ्यापासून लपून बसला होता. मी दौलतकडे बघितलं, दौलतनं पोत्याकडे बघितलं. "बडावाला, अक्का."

दुसऱ्या दुकानात एक म्हातारे चाचा. चांगला माणूस, आधी पाणी दिलं. पंप पोत्यातून काढला, उलटा केला, सुलटा केला, झाकण खोललं, आत बोट घातलं, बोट नाकाशी नेलं... मी म्हटलं चाखतो की काय आता! आणि मग असा चेहरा केला, जसा डॉक्टर नातेवाइकांना बाहेर बोलावताना करतो. "अम्मा, इसका घर एक का है, अंदर के प्लंजर दूसरे के. ये पंप तो किसी का भी नहीं. पहले बोलो, गाडी कौन सी?" मी म्हटलं चाचा, तुम्हीच बघून सांगा ना. म्हणतात, तोंड बघून पंप दिला तर पिकपचा देईन, इंजिन बघून दिला तर जीपचा देईन, आणि चुकीचा बसला तर दोन गोष्टी होतील. एक तर गाडी सुरूच होणार नाही. नाहीतर सुरू होईल आणि मग बंदच होणार नाही! ऐकलंत? बंद न होणारी गाडी! सात देगी घेऊन मी कुठं जाणार, विजयवाड्याला? म्हटलं, नको चाचा, नक्को!

तिसरं दुकान काचेचं. आत गार हवा, कंप्युटर. तिथला मनुष्य टाय लावून. "मॅडम, नंबर सांगा, सगळं निघतं." मी खूश. शेवटी एक शहाणा भेटला! दौलत, नंबर सांग. आता नंबरचं काय झालं होतं, राज्य झालं त्या आठवड्यात या दौलतनं उत्साहाच्या भरात नंबरपट्टीवरचं एपी खरवडलं आणि स्वतःच्या हातानं टीएस रंगवलं. मग कोपऱ्यावर पोलीस म्हणाला, असं आपल्या मनानं करायचं नसतं, म्हणून टीएस खरवडून परत एपी लिहिलं. मग कोण म्हणे बदलणार आहे, कोण म्हणे नाही, तर यानं दोन्ही अर्धं अर्धं ठेवलं, वेळेवर जे लागेल ते वाचता येईल असं! आणि तो टायवाला विचारतो, "एपी टाकू की टीएस?" दौलत म्हणतो, "दोन्ही टाकून बघा." टाकलं. काय निघालं? पांढरी पिकप, एका अंड्याच्या कंपनीची! आणि ते पण शेवटचे दोन आकडे चुकले म्हणून. मग बरोबर टाकलं तर जी गाडी निघाली तिचं इंजिनच माझ्या गाडीत नाही! तो म्हणतो, "मॅडम, कंप्युटरच्या हिशेबानं तुमची गाडी तीच आहे." मी म्हटलं, मग ती कंप्युटरमधलीच गाडी दे मला बाहेर काढून, घेऊन जाते!

रस्त्यावर आलो. बुधवार संपत आलेला. दौलत पोत्यातला पंप एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतो, बारशाला आणलेलं पोर असावं तसा, आणि हळूच म्हणतो, "अक्का, ज्यानं गाडी जोडली त्यालाच विचारलं तर?"

झालं! ज्याचं नाव अकरा वर्षं आमच्या घरात निघालं नव्हतं, त्याचं नाव काढलं!

हिम्मतराव. आमच्या यांचे चुलतभाऊ, म्हणजे माझे दीर, मलकपेठला त्यांचं गॅरेज. गाडी त्यांनीच जोडली, हे खरं. हात सोन्याचा, हे पण खरं. पण त्याच महिन्यात त्यांच्या मुलीचं लग्न झालं, सात देगी माझ्याकडून गेल्या, घरचं कार्य म्हणून मी भाडं पण घेतलं नाही. परत काय आलं? सात देगी, सहा झाकणं! सात नंबरचं झाकण गायब! पितळेचं, जाड, माझं नाव घातलेलं. विचारलं तर म्हणतात, "वहिनी, सातही आलीत, तुम्ही मोजायला चुकलात." मी! मोजायला! चुकले! मग मी त्यांच्या मांडवपरतणीला, पन्नास माणसांच्या पंगतीत, हातात वरणाची बादली होती ती खाली ठेवली आणि म्हटलं, भावजी, तुम्ही झाकणचोर आहात. बस. तेव्हापासून बोलणं बंद. गाडी त्यांनी आमच्या यांच्या हाती पाठवून दिली. मी शपथ घेतली, या माणसाचं तोंड बघणार नाही.

पण शुक्रवार कुणाची शपथ बघतो का? गुरुवारी सकाळी गेले मलकपेठला. हिम्मतराव ओट्यावर बसलेले, केस सगळे पांढरे. मला बघून उठले, परत बसले. मी दौलतला म्हटलं, "दौलत, त्यांना विचार, गाडीला पंप कोणता लावायचा." हिम्मतराव म्हणाले, "दौलत, त्यांना सांग, पट्टी वाचा म्हणावं." "दौलत, विचार कोणती पट्टी." "दौलत, सांग, बॉनेटखालची पितळेची पट्टी. मी मेलो तर पुढच्याची परेशानी नको म्हणून सगळं लोखंडी पंचानं ठोकून ठेवलंय, इंजिन कुठलं, पंप कुठला, सगळं. मराठीत!" दौलत बिचारा एकदा इकडं बघतो, एकदा तिकडं, रामलीलेतला सूत्रधार झाला त्याचा.

आता आली का पंचाईत! कारण ती पट्टी मला माहीत होती.

तुम्हाला सांगते... आता कसं सांगू! दर दसऱ्याला गाडी धुवायची, चाकाखाली लिंबू, नारळ, झेंडूचा हार. बॉनेट उघडलं की सगळं काळं, आणि मधे ती एक पट्टी, तळहाताएवढी, पितळेची. मला वाटलं हेच गाडीचं कपाळ! हळदकुंकू तिथंच. आणि हळदकुंकू काय मळक्या पितळेवर लावायचं? मी भांडीवाली बाई, मला काळं पितळ बघवतं का? चिंच, मीठ, राख. पट्टी अशी लखलख करायची की तीत बघून टिकली लावावी! अक्षरं होती हो, होती सुरुवातीला. वाचली का नाही म्हणता? ती हिम्मतरावांची अक्षरं! ज्याचं तोंड बघायचं नाही त्याचं अक्षर कशाला बघू? उलट तिथं जरा जोर लावूनच घासलं. अकरा दसरे!

शेवटी दौलत मधून सरकला आणि मलाच बोलावं लागलं. म्हटलं, भावजी, पट्टी कोरी आहे. "कोरी? मी पंचानं ठोकलेली!" घासली. "कशानं?" चिंचेनं. "किती?" ...भरपूर. त्यांनी डोक्याला हात लावला. "वहिनी, त्या वर्षी मी अकरा गाड्या जोडल्या. आता मला काय आठवतंय?"

पण माझ्या डोक्यात काहीतरी टुणकन वाजलं. पंचानं ठोकलेली! अहो, भांड्यावरचं नाव पुसलं म्हणून काय झालं, पाठीमागं उठलेलं असतं! वर खड्डा, खाली उंचवटा. दोन घरांत वाटीवरून भांडण लागतं, नाव झिजलेलं असतं, तेव्हा मी वाटी उलटी करते आणि निकाल देते. मी म्हटलं, दौलत, पळ, पट्टी सोडवून आण.

तो यायला तासभर लागला. त्या तासात मी आणि हिम्मतराव समोरासमोर बसलो, मधे त्यांची बायको सुशीला कणीक मळत होती, दोन चहा झाले. गौलीगुडा ते मलकपेठ मला एवढं लांब कधी वाटलं नव्हतं.

दौलत आला. पट्टी घेतली, उलटी केली, पदरानं पुसली, आणि... थांबा, मला आत्ता पण दम लागतो. पाठीवर ठिपक्याठिपक्यानं काय? मालनबाई अप्पाराव! गौलीगुडा! देग सात!

माझं झाकण! माझ्याच गाडीत! अकरा वर्षं मीच त्याला हळदकुंकू लावतेय!

मी जी उठले! म्हटलं भावजी, झाकणचोर म्हणाले होते ना मी? पन्नास माणसांत म्हणाले होते ना? तर तो माणूस खाली बघून म्हणतो काय, "वहिनी, लग्नात झाकण देगीखाली आलं, पार दुमडलं. सांगायची लाज वाटली. म्हटलं पितळ वाया कशाला घालवा, तुमच्याच गाडीला लावलं. म्हणजे परतच केलं की!" परत केलं! ऐकलंत? आणि उरलेलं झाकण? "त्याचे वायसर केले. ते पण तुमच्याच गाडीत आहेत." आता माणसाला चोर म्हणावं तर माल माझ्याच घरात, आणि नाही म्हणावं तर झाकण कुठाय? सुशीलाच शेवटी म्हणाली, "अहो जाऊबाई, भांडण काय पळून जातंय? उद्या शुक्रवार आहे ना? आधी पंप बघा."

खरंच की! उंचवटे उठलेले होते, पण उलटे, आणि वरून माझ्या नावाचे ठिपके मिसळलेले. मी सुशीलाच्या ताटातला कणकेचा गोळा उचलला, थापला, त्यावर पट्टी दाबली आणि अलगद सोडवली. आणि कणकेवर हिम्मतरावांचं अक्षर सुलटं उमटलं! मी बोट ठेवून वाचलं, मोठ्यानं, चौथीच्या मास्तरसमोर वाचावं तसं. "इंजिन जुन्या जीपचे. पंप ट्रॅक्टरचा, चार नळ्यांचा. प्लंजर साडेआठचे. टायमिंग बावीस." ट्रॅक्टरचा! तीन दुकानं फिरले, एकाला ट्रॅक्टर सुचला नाही! हिम्मतराव "हौ, हौ, आठवलं" म्हणून मान हलवायला लागले. दौलत खाली वाकून म्हणाला, "अक्का, खाली अजून एक ओळ हाय."

होती. मी वाचली. मनात वाचली. दौलतला मराठी वाचता येत नाही, हैद्राबादी शाळा, म्हणून तो सारखा विचारतोय, अक्का, काय लिहिलंय, अक्का, काय लिहिलंय. शेवटी हिम्मतरावांनीच सांगितलं.

"पट्टी घासू नये."

मग त्याच दुपारी कणीक ओल्या फडक्यात, फडकं स्टीलच्या डब्यात, डबा माझ्या मांडीवर, आणि रिक्षा राणीगंजला. चाचांच्या दुकानात डबा उघडला. चाचा म्हणाले, "अम्मा, खाना बाद में. पहले बोलो गाडी कौन सी?" मी म्हटलं, चाचा, आज खाण्यातच लिहून आणलीय! वाचून दाखवलं, त्यांनी फळीवरून पंप उतरवला, आत बोट घातलं, वास घेतला आणि पहिल्यांदा हसले.

शुक्रवारी हिम्मतराव स्वतः आले. पहाटेपासून बॉनेटमधे अर्धे आत. दहा वाजता भंगारवाला आला, लोखंडी तराजू घेऊन! आमच्या यांनी त्याला खुर्ची पण दिली. आणि दौलतनं चावी फिरवली... एकदा घर्र, दोनदा घर्र, तिसऱ्यांदा जो धूर निघाला, भंगारवाला, खुर्ची, तराजू, सगळं काळं! धुरातून आमच्या यांचा आवाज आला, "मालन, चार वाजता चहा मिळेल ना?" म्हटलं करून घ्या. मला ऑर्डर आहे.

आता पट्टी. हिम्मतरावांनी ती परत लावली, पण उलटी. माझं नाव वर. म्हणाले, "वहिनी, झाकण तुमचं तुम्हाला." बरं वाटलं हो, खोटं कशाला बोलू. पण मग दसरा आला. बॉनेट उघडलं आणि बघते तर माझ्या नावावर काजळी! आता घासावं तर ते उंचवटे जाणार, म्हणजे इंजिन, पंप, प्लंजर, सगळं जाणार. न घासावं तर सणासुदीचं माझंच नाव काळं! हिम्मतराव मागून ओरडतायत, वहिनी नको, सुशीला ओरडतेय, जाऊबाई नको, दौलतनं तर चिंचच लपवली...

घासली. काय करणार, हात ऐकतो का?

उंचवटे गेले सगळे. नाव तेवढं राहिलं, ते खोल घातलेलं होतं, माझ्या पैशानं. आता पुढच्या वेळी राणीगंजात कुणी विचारू दे, गाडी कोणती, अम्मा? सांगीन, मालनबाईंची. पट्टीवर तेवढंच वाचता येतं.